डोळे बघून निकाल देणाऱ्या राणेकाकी

लालबागला राहायला गेलो त्या पहिल्याच सकाळी घरमालकीण राणेकाकींनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बाजारात बांगडा घेण्याआधी त्या त्याचे डोळे बघत, तसेच माझे बघितले.

"नोकरी आसा म्हणतंस, ती खरी मा?"

मी हिंगोलीचा, नववीत शाळा सुटलेला. घाबरून दोनदा हो म्हणालो.

"ताजो आसा," काकी म्हणाल्या, आणि मला खाट मिळाली.

नोकरी परळच्या एका ऑफिसात, केबली ओढायची. त्यातून वर जायचं तर नेटवर्किंगची मोठी परीक्षा द्यायला हवी होती. तिथं दहावीची मार्कशीट मागत नाहीत, म्हणून तर मी हिंमत केली. कामावरून आलो की मोठ्याने वाचत बसायचो. काकींना इंग्रजी येत नव्हतं, तरी कोलंबी सोलता सोलता माझी तोंडी परीक्षा त्याच घेत. प्रश्न मीच वाचायचा, उत्तरही मीच द्यायचं. त्या फक्त डोळे बघायच्या. नजर जरा हलली की "शिळा उत्तर!"

एकदा मी ठणकावून सांगितलं, दोन वाटा असल्या तर डेटा जवळच्या वाटेने जातो.

"करी रोडच्या पुलावरसून? ह्या गर्दीच्या टायमाक? चुकलंस!"

"काकी, पुस्तकात आहे!"

"मेल्या, पुस्तक कधी लालबागेक ऱ्हवलाहा?"

शेवटी मी पापणी न लववता काहीही ठोकून द्यायला शिकलो. ऑफिसात साहेब विचारू लागले, "डोळे मिटत नाहीत का रे तुझे?" काकींनी मात्र मला पास करून टाकलं आणि परीक्षेच्या दिवशी सकाळीच पेढे आणून ठेवले.

निकाल तिथंच कॉम्प्युटरवर कळला. मी नापास झालो. इतक्या आत्मविश्वासाने इतकी चुकीची उत्तरं त्या सेंटरवर कुणी दिली नसतील. घरात जायचा धीर होईना, जिन्यातच बसलो. आता गावी परतावं, असंच मनात येत होतं. काकी पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेर आल्या. मी सांगून टाकलं.

"ह्याच्या आधी कधी नापास झाल्लंस?"

"नाही. परीक्षेआधीच शाळा सुटली."

"मगे? परीक्षेक बसल्याशिवाय नापास होवक येता काय?"

आणि त्यांनी चाळीत दारोदार पेढे वाटायला घेतले. "आमचो पोरगो मोठ्या परीक्षेक बसलो!" मी मागे मान खाली घालून.

"किती टक्के, काकी?" एका दारातून शेजारणीने विचारलं.

"टक्के फुडच्या वेळाक! तू पेढो खा."

शेवटच्या खोलीतल्या आजोबांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि मलाच विचारलं, "मग आता परत कधी बसतोयस?"

शाळा सुटल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. ठरलं काहीच नव्हतं, तरी मी एक तारीख सांगून टाकली.