प्रेशरताईचा पारा

रद्दीच्या गोदामात तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. सगळ्यांची ती प्रेशरताई. पुठ्ठ्याचे गठ्ठे दाबणाऱ्या मोठ्या यंत्राचं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या जोरावर चालणारा सगळा कारभार, तिच्या हाती होता म्हणून. आणि तिचा स्वतःचा पारा चढायलाही फार वेळ लागत नसे म्हणून. ‘‘यंत्राचा काटा लाल रेघेवर गेला तर व्हॉल्व्ह उघडतो, ताईचा गेला तर आपण पळायचं,’’ असं फोर्कलिफ्टवाला प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. तीही हसायची. थट्टेचा तिला राग नव्हता. राग यायचा तो ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांचा.

तांत्रिक शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी तिला विचारलं होतं, ‘‘चुकून या वर्गात आलीस का?’’ ‘‘नाही, पाटी वाचून आले,’’ ती म्हणाली होती. तेव्हापासून ती तेलातच होती. आधी क्रेन, मग कचऱ्याच्या गाड्या आणि लग्नानंतर हे गोदाम. घरी आल्यावरही तिच्या अंगाला तेलाचा वास असायचा. सासूबाई नाक मुरडायच्या, पण पाहुण्यांसमोर मात्र ‘आमची सून यंत्रं बरी करते’ असं ऐटीत सांगायच्या.

तिचा धाकटा दीर त्याच गोदामात गठ्ठ्यांच्या यंत्रावर होता. तिनंच त्याला लावून घेतलं होतं. कामावर सगळ्यांसारखाच तोही तिची बोलणी खायचा. ‘‘भाऊजी, गळती हातानं चाचपडून शोधायची नाही. आधी पंप बंद, मग नळीतला दाब सोडायचा, मग बघायचं. आणि चालू यंत्रावर लांबून अंदाज घ्यायचाच असेल तर काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधा. इथं पुठ्ठ्याला काय तोटा आहे?’’ नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तर त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही आणि कातडी मात्र फोडून आत शिरते. हे ती इतक्यांदा सांगायची, की भाऊजी पुढचं वाक्य तिच्याआधी म्हणून दाखवायचे.

त्या यंत्राच्या एका नळीचं वरचं रबर तडकलं होतं. आतली तार दिसायला लागली होती. नवी नळी आणून स्टोअरमध्ये पडली होती. यंत्र अर्धा दिवस थांबवा, एवढंच तिचं मागणं होतं. मॅनेजर म्हणाला, ‘‘या आठवड्याचा माल जाऊ दे. तेल गळतंय थोडं, तर पुसा. चालतंय की.’’

त्या दुपारी ती मागच्या अंगणात ट्रकच्या माल उचलणाऱ्या फळीचं काम करत होती. भाऊजी हात झाडत आले. ‘‘वहिनी, काही नाही, बोटाला जरासं टोचलं. नळीपाशी.’’

तिनं त्यांचा हात उजेडाकडे फिरवला. तर्जनीच्या पेरावर एक बारीकसा ठिपका होता. रक्त नाही, काही नाही. बोट मात्र फिकट पडलं होतं, आणि दाबल्यावर भाऊजी म्हणाले, ‘‘बधिर वाटतंय.’’

मॅनेजर मागोमाग आलाच, हातात चिकटपट्टी घेऊन. ‘‘एवढं काय झालंय? लावा आणि जा कामाला.’’

‘‘ती पट्टी तुमच्याकडेच ठेवा,’’ ती म्हणाली, ‘‘आणि गाडी काढा.’’ गाडी निघाली नाही. फोर्कलिफ्टवाल्यानं फाटकाबाहेर धावत जाऊन टॅक्सी थांबवली.

इस्पितळात खिडकीवरच्या बाईंनी बोटाकडे पाहिलं आणि रांगेकडे बोट दाखवलं. रांगेत रक्ताळलेली, कण्हणारी माणसं होती. भाऊजींना लाज वाटली. ‘‘वहिनी, बसू की थोडं.’’ ताईनं आवाज चढवला, ‘‘यांच्या हातात दाबाखालचं तेल घुसलंय. हे टोचणं नाही. आत पसरतंय ते!’’ तेवढ्यात आतल्या दारातून एक शल्यचिकित्सक डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी एकच विचारलं, ‘‘कसलं तेल? कधी घुसलं?’’ उत्तर ऐकताच त्यांनी भाऊजींना स्वतः दंडाला धरून आत नेलं. ‘‘बरं केलंत थांबला नाहीत,’’ जाता जाता त्या म्हणाल्या.

तोवर हात कोपरापर्यंत ठणकू लागला होता. डॉक्टरांनी तळवा उघडून धुतला आणि दोन दिवसांनी पुन्हा उघडला. हात वाचला. तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

नातेवाईक भेटायला आले. एक चुलतसासरे खुर्चीत टेकत म्हणाले, ‘‘नशिबात असतं ते चुकत नाही.’’ ताई त्यांच्यासाठी पाणी घेऊन येत होती. पेला तसाच हातात धरून ती म्हणाली, ‘‘नशिबात नव्हतं हो, काका. मी बघून आले. व्हॉल्व्हमध्ये होतं.’’

आणि ती खरंच बघून आली होती. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ती घरी न जाता थेट गोदामात गेली होती. दाब ठरल्यापेक्षा वाढला, की तेलाला परत टाकीत वाट करून देणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो तिनं स्वतः ठरल्या दाबाला लावून, स्क्रूला शिशाचं सील मारून ठेवला होता. सील तुटलं होतं. स्क्रू आत पिळला होता आणि त्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. म्हणजे व्हॉल्व्ह उघडायचा तेव्हा उघडतच नव्हता, आणि सगळा वाढीव दाब त्या तडकलेल्या नळीवर येत होता.

‘‘कोणी केलं?’’ तिनं विचारलं.

मॅनेजरनं खांदे उडवले. ‘‘गठ्ठे हलके भरत होते. जरासा पिळला.’’

जरासा! तिला पुढे कितीतरी दिवस जेवताना, कपडे वाळत घालताना तो शब्द ऐकू यायचा आणि कानशिलं तापायची.

विम्याचे तपासनीस येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. ‘‘हे बघा ताई, तुम्ही त्याला शिकवलं होतंत. त्यानं ऐकलं नाही. निष्काळजीपणा झाला, एवढंच सांगा. घरचंच माणूस सांगतंय म्हटल्यावर कोणी शंका घेणार नाही. त्याला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही.’’

तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग ती उठली. चहा तसाच राहिला. ‘‘दोन बोटं त्यांची गेली आणि दोषही त्यांनीच घ्यायचा? आणि तो माझ्या तोंडून?’’

दुसऱ्या दिवशी तिनं तपासनिसांना यंत्रापाशी नेलं. सील दाखवलं, स्क्रू दाखवला, नळी दाखवली. तपासनीस सभ्य होते, पण मत करूनच आले होते. ‘‘तरी हात लावायला नकोच होता ना त्यांनी?’’

‘‘नकोच होता,’’ ती म्हणाली. ‘‘मीच शिकवलंय, मी नाही कशी म्हणेन? पण पंप चालू ठेवून गळती शोध, असं त्यांच्या डोक्यावर उभं राहून सांगणारा कोण होता, तेही विचारा की!’’

मॅनेजर म्हणाला, ‘‘मी असं काही बोललो नाही.’’

फोर्कलिफ्टवाला आजवर थट्टेपलीकडे साहेब लोकांसमोर कधी बोलला नव्हता. त्यानं गाडी बंद केली आणि खाली उतरला. ‘‘बोललात. ‘थांबायचं नाही, हात फिरवून बघ’ म्हणालात. मी इथंच होतो.’’ मग पुठ्ठे निवडणाऱ्या दोघी म्हणाल्या, ‘‘आम्हीपण ऐकलं.’’

यंत्राला टाळं लागलं. नळ्या बदलल्या, व्हॉल्व्ह पुन्हा ठरल्या दाबाला लावला आणि वीज तोडायच्या कुलपाची किल्ली ताईकडे आली. भाऊजींच्या नावावरचा ठपका पुसला गेला, त्यांना फाटकावर वजनकाट्याचं काम मिळालं. आणि मॅनेजर? त्याला मालकांनी दुसऱ्या गोदामात पाठवलं. मॅनेजर म्हणूनच.

हे कळलं तेव्हा भाऊजी आरशासमोर शर्टाची बटणं लावत होते. उरलेल्या बोटांनी बटण पुन्हा पुन्हा निसटत होतं. सासूबाई मदतीला गेल्या, तर ते म्हणाले, ‘‘आई, राहू दे, लावतो.’’ मग ताईकडे वळून म्हणाले, ‘‘सोडा आता, वहिनी. किती दिवस धुमसणार?’’

सुट्टीच्या दिवशी मात्र ती दोन बस बदलून त्या दुसऱ्या गोदामात गेली. रखवालदाराला सांगितलं, हायड्रॉलिकचं काम आहे. गठ्ठ्यांच्या यंत्रावर एक अनोळखी माणूस होता. पंपाचा आवाज चढा होता, तो तिला दारातूनच कळला.

केबिनमधून मॅनेजर तरातरा बाहेर आला. ‘‘इथं तुमचं काय काम?’’

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती यंत्रावरच्या माणसाला म्हणाली, ‘‘दादा, पंप बंद करा. मग सांगते.’’

त्या माणसानं एकदा मॅनेजरकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि बटण दाबलं.