रिकाम्या काट्यावर साठ किलो

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आमचं बौद्ध घर. अंगारे, उतारे, भुतंखेतं आजोबांनीच सोडून दिली. त्यात मी घरातला पहिला इंजिनिअर. पुण्यात ड्रायव्हर लिहितो... म्हणजे यंत्राला कॉम्प्युटरशी बोलायला लावणारे प्रोग्राम. थोरला भाऊ बारावीला थांबला म्हणून मी शिकू शकलो, हे मी कधी विसरत नाही.

दादा नारायणगावच्या अलीकडे, हायवेलगत एका खाजगी वजनकाट्यावर कामाला होता. तिथं कांद्याच्या गाड्या मोजायच्या. सकाळी काटा चालू केला की आधी दादा स्वतः त्यावर उभा राहायचा. साठ किलो दिसले तरच पहिली गाडी घ्यायची. "आपलं वजन आपल्याला ठावं असतंय. त्याला कुणाचं सर्टिफिकेट नको," म्हणायचा.

मग दुपारच्या गाड्या कमी भरू लागल्या. शेतकऱ्यांनी दुसरीकडे मोजून बघितलं आणि सगळे मिळून काट्यावर आले. मालकानं हात झटकले. दादालाच काट्यावर उभं केलं, सगळ्यांसमोर.

"ह्यो मारतोय काटा. इचारा ह्यालाच."

दादा एकच सांगत राहिला, "सकाळी मी सोता उभा राहून बघितलंय. साठच व्हतं."

लोक हसले. "तुझं बरं बरोबर भरतंय रं! आमचंच कसं कमी भरतंय?"

ऊन उतरेपर्यंत त्याला तिथंच उभं ठेवलं होतं. नोकरी गेली, गावात चोर म्हणून नाव झालं. त्याच उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि दादा गेला.

पुढं मी मालकाला म्हटलं, मशीन फुकट तपासून देतो. चूक मशीनची निघाली तर तेवढं चार लोकांत बोला. "बघ बाबा," म्हणाला. वहिनी हट्टानं बरोबर आली.

चूक सापडली. काट्याच्या पेटीतलं वजन वाचणारं कार्ड उन्हात तापून अडकायचं. असं यंत्र अडकलं की कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्याला रीसेट करतो — चालू काम थांबवायचं, कार्ड पुसून कोरं करायचं आणि मग काट्याचं ठरलेलं माप त्यात परत भरायचं. जुन्या ड्रायव्हरमध्ये ही शेवटची पायरीच नव्हती! रीसेट झालेला बाहेर कुणाला कळायचा नाही, आणि पुढच्या सगळ्या गाड्या कमी भरायच्या. सकाळी पेटी नव्यानं चालू केली की माप पुन्हा बरोबर. म्हणून दादाचे साठ नेहमी साठच.

मी ती पायरी लिहिली. काटा रिकामा ठेवून मुद्दाम रीसेट केला. शून्य यायला हवं होतं.

साठ आले.

पेटी बंद करून चालू केली — शून्य. रीसेट केला — साठ. केबल बदलली, कार्ड बदललं, काट्याखालची माती उपसली. तरी साठ. कोडमध्ये तो आकडा कुठंही नाही, जुनी-नवी ओळन् ओळ मी तपासलीय.

मालक वैतागला. "साठ वजा करून टाक की राव प्रोग्राममधनं."

"आणि दादाचं? चूक मशीनची होती, दाखवलं ना तुम्हाला."

"मेलेल्या माणसासाठी आता दवंडी पिटू का? गिऱ्हाईक तुटंल माझं."

वहिनी आकड्याकडं बघत होती. मग तिनं खिडकीतून बाहेर, रिकाम्या काट्याकडं बघितलं.

"अजून उभंच ठिवलंय व्हय त्यांला?"

ती मालकाकडं वळली. "उतरवा त्यांला, शेठ. तुमीच चढवलं व्हतं."

मालक फोन कानाला लावून बाहेर गेला. फोन वाजला नव्हता.

वजाबाकी मी लिहिली नाही. ज्यांनी दादाला चोर म्हटलं त्यांना भेटेल तिथं खरं सांगतो. ऐकून घेतात, आणि म्हणतात, "भाऊच हाय त्यो, भावाचंच बोलणार."

काटा अजून चालू आहे. तिथला नवा माणूस प्रत्येक गाडीआधी शून्याचं बटण दाबतो म्हणे. का दाबायचं, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

ते साठ कुठून येतात, मला आजही सांगता येत नाही. वाचणाऱ्यांत कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा. फक्त वजा करा, असं सांगू नका.