आत्याच्या कूलरसमोरचं कोलंबाईन

मार्चच्या शेवटी, सकाळीच आतेभावाचा फोन आला, ‘आई गेली वं.’ चहा पिऊन शकुआत्या खुर्चीत बसली ती उठलीच नाही...

तिचा जन्म कुहीजवळच्या गावात धानाच्या शेतीत गेला. पाय थकले तशी ती मुलाकडे शहरालगत बेसाला आली. लग्न मोडून मीही त्याच घरी राहायला आले. काहून, कसं, एका शब्दानं तिनं विचारलं नाही. माझ्या पिशवीत हिमाचलच्या सहलीत घेतलेलं, कोलंबाईन नावाच्या थंड पहाडातल्या फुलाच्या बियांचं पाकीट होतं. ते मात्र उलटून पालटून पाहिलं. काळं, चमकदार, मोहरीएवढं बारीक बी. ‘लावून पाहू,’ म्हणाली.

पहिल्या खेपेला एकही उगवलं नाही. मी मोबाईलवर वाचून सांगितलं, या बियांना आधी महिना-दीड महिना थंडी लागते. ‘मंग फ्रिज कायले आहे?’ तिनं ओल्या रेतीत बी मिसळलं आणि डबी दह्याशेजारी ठेवली. वहिनी कुरकुरली. दिवाळीनंतर बी पाच कुंड्यांत नुसतं वरवर पसरलं. रोज सकाळी आम्ही दोघी वाकून पाहायचो. अंथरुणातून उठायला मला तेव्हा तेवढंच कारण होतं. तीन आठवड्यांनी तिची हाक आली, ‘ये वं पोरी, निंगालं पाह्य!’

उन्हाळ्यात पाचही कुंड्या तिनं आपल्या खोलीत कूलरसमोर मांडल्या आणि स्वतःची खाट भिंतीकडे सरकवली.

‘आत्या, तुला गरम होईल ना.’

‘मले सवय आहे. त्याइले नाही.’

तीन रोपं गेली, दोन जगली. यंदा फेब्रुवारीत फुलं आली. जांभळी, मान खाली घातलेली, मागे पाच नाजूक शेपट्या. आत्या बोटानं फूल उचलून कितीतरी वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘आता तू शाळेत नोकरीचा अर्ज टाक. पाणी मी घालतो.’ मी टाकला. नोकरी लागल्याचं तिला सांगता आलं, हे माझं भाग्य. मग शाळेजवळ खोली घेऊन मी तिकडे राहायला गेले.

मागच्या रविवारी बेसाला गेले, तर वहिनी गच्चीवर कोलंबाईनच्या वाळलेल्या शेंगा कागदावर झटकत बसलेली. तिनं दोन पुड्या बांधल्या.

‘एक तुमची, ताई. दुसरी मी लावीन. पण मले शिकवा.’

मग उन्हं वर येईपर्यंत आम्ही आत्याबद्दल बोलत बसलो. त्या घरात इतके दिवस राहून वहिनीशी मी एवढं पहिल्यांदाच बोलले.