आईचा सोमवार आणि मेनचं बटण

आमच्या घरात सगळ्यांचा वाढदिवस एक जूनला. कागदावरचा. माझे वडील, म्हणजे आबा, एक जूनचे, दोन्ही चुलते एक जूनचे, आणि तालुक्यात शिकून नोकरीला लागलेला मीही एक जूनचाच. पूर्वी पोराला बखोटीला धरून शाळेत नेलं की गुरुजी म्हणायचे, डोक्यावरून हात घे आणि पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि जन्म एक जूनचा. आमच्यात लांब हाताची पोरं जरा लवकर शिकली, एवढंच.

आईचा मात्र एक जूनही नव्हता, कारण ती शाळेतच गेली नव्हती. हे आम्हाला इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही कमी आहे असं कधी वाटलंच नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी मुलगी तिसरीत होती, तिच्या वाढदिवसाला बारामतीहून केक आणला होता. नाकाला क्रीम लागलेल्या अवस्थेत तिनं विचारलं, "आजी, तुझा वाढदिवस कधी?"

"मला कुठला गं वाढदिवस?" आई हसत म्हणाली. "तुझ्या आबाला एक जून तरी हाय. मला त्योबी न्हाय."

सगळे हसले. आईही हसली. पण ताटल्या गोळा करून मोरीकडे जाताना ती स्वतःशीच पुन्हा म्हणाली, "त्योबी न्हाय." ते मी ऐकलं.

मुलीनं विषय सोडला नाही. "पप्पा, तुमच्या कॉम्प्युटरला विचारा ना!"

यावर सगळे जे हसले, ते आधीपेक्षा जास्त. सगळ्यात उशिरा थांबली ती माझी बायको.

त्या हसण्यामागचं कारण सांगायला हवं. पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मला दिला, तेव्हा आमच्या गावात, पिंपळीत, आमच्या घराला भाव आला होता. त्यात रंगीत चित्रं होती, पत्त्यांचा डाव होता. शेजारची मंडळी चप्पल दाराबाहेर काढून बघायला यायची. मग माझ्या इंदापूरच्या मित्रानं घात केला. तो तिथं कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. एका मासिकासोबत त्याला लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका नव्या प्रणालीची, सीडी मिळाली होती. एसटी स्टँडवर चहा पाजून त्यानं ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "हे फुकट आहे, आणि आतलं सगळं उघडं आहे. पाहिजे तो नटबोल्ट खोलून बघ." नटबोल्ट खोलायला मिळणार म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस थांबतोय कुठला!

सीडी घातली, येईल त्या प्रश्नाला 'हो' म्हणत गेलो आणि रंगीत चित्रांसकट जुनं सगळं पुसलं गेलं. उरला काळाकुट्ट पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव विचारणारी एक ओळ. त्यावर खिडक्या, चित्रं आणायची सोय होती, पण त्यासाठी मॉनिटरचे काही आकडे भरायचे होते. ते चुकले तर मॉनिटर जळू शकतो असं माहितीत लिहिलं होतं. एवढी हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून मी काळ्या पडद्यालाच खरी विद्या म्हणायला लागलो.

"बंद टीव्हीसुद्धा याच्यापेक्षा बरा दिसतो," बायको म्हणायची. "त्यात निदान आपलं तोंड तरी दिसतं."

तर अशा यंत्राला माझी मुलगी आजीचा वाढदिवस विचारायला सांगत होती. मी तावातावात म्हणालो, "विचारतो! त्यात काय!" आणि आईसमोर जाऊन बसलो. "आई, तुला तुझ्या जन्माचं काय काय माहीत आहे?"

"काय म्हाईत असणार? पळसदेवला जलमले. जुन्या गावात."

जुनं पळसदेव उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतं, पण आईचं घर काही वर येत नाही. तिथं जाऊन विचारायचीही सोय नव्हती.

"आणखी काय?"

"पोळ्याचा दिस व्हता. बैलं रंगवून ठिवल्याली आन आयचं पोट दुखाय लागलं. आन माझा बाप घरात नव्हता. सोमवती व्हती नव्हं, त्यो जेजुरीला गेलता. माघारी आला तर पाळण्यात मी. त्यानं कपाळाचा भंडारा काढून माझ्या कपाळाला लावला. आय सांगायची."

मी उडालोच. आमच्याकडे पोळा भाद्रपदाच्या अमावास्येला. सोमवती म्हणजे सोमवारी आलेली अमावास्या. म्हणजे भाद्रपदाची अमावास्या सोमवारी आलेली वर्षं शोधायची. अशी वर्षं असून असून किती असणार? आणि लिनक्समध्ये 'कॅल' नावाचा एक इवलासा प्रोग्राम होता. त्याला महिना आणि साल सांगितलं की त्या महिन्याचं कॅलेंडर क्षणात पडद्यावर. शिवाजी महाराजांच्या काळातला महिनासुद्धा दाखवायचा. वार तर मिळाले. राहिला चंद्र.

चंद्रासाठी मला स्वतः प्रोग्राम लिहावा लागणार होता. बारामतीच्या कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून खगोलशास्त्राचं पुस्तक आणलं, रविवारी जेवण झाल्यावर बैठक मारली. लिहायला जे साधन होतं, ते 'व्हीआय'. त्याच्यात शिरणं सोपं, बाहेर पडणं अवघड. पहिल्या वेळी तर मी आत अडकलो. कुठलंही बटण दाबलं तरी टुक आवाज करायचं आणि जागचं हलायचं नाही. तेवढ्यात घरातली वीज गेली आणि मी सुटलो.

वीज गेली नव्हती. आईनं मेन बंद केलं होतं.

ही आईची जुनी शिस्त. शेजारच्या वस्तीवर एकदा वायर जळून धूर झाला होता, तेव्हापासून ती घराबाहेर पाऊल टाकताना मेनचं बटण खाली ओढायची. रानात जायचं, मेन बंद. देवळात जायचं, मेन बंद. घरात माणसं आहेत का हे बघण्याशी त्याचा संबंध नव्हता. पंख्याखाली झोपलेले आबा घामानं जागे व्हायचे आणि ओळखायचे, की ही बाहेर गेली.

त्या दिवशी मी त्या बटणाचे मनोमन आभार मानले. पुढच्या रविवारी मात्र निम्मा प्रोग्राम लिहून झाला होता, चंद्राची चाल जवळजवळ जुळत आली होती, सेव्ह करायचं तेवढं राहिलं होतं, आणि खट्! पडदा काळा. म्हणजे नेहमीपेक्षाही काळा.

मी ओट्यावर धावत आलो. आई डोक्यावर टोपली घेऊन निम्म्या वाटेत पोचली होती.

"आई! मेन!"

"केलंय बंद!" तिनं हात हलवून सांगितलं. मुलालाही घराची काळजी आहे म्हणून ती खूश झाली होती.

लिनक्सचा स्वभाव असा, की त्याला न सांगता बंद केलं तर पुढच्या वेळी ते रुसून उठायचं. आधी सगळी डिस्क तपासायचं, फाइल न् फाइल मोजायचं, आणि मगच कामाला लागायचं. पडद्यावर आकड्यांच्या ओळी धावत होत्या. आबा मागं येऊन उभे राहिले. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत मेंढरं होती. आबांनी पोरवयात ती राखली, पुढं शेती केली.

"काय मोजतंय त्ये?"

"फायली मोजतंय आबा. काही हरवलंय का बघतंय."

"सांजच्याला वाड्यात घेताना मोजायचं असतंय तसं?"

"तसंच."

"आन कुणाचं हाय त्ये कळंना, आसं एखादं घावलं तर?"

"अशा फायलींना वेगळा कप्पा आहे. लॉस्ट अँड फाउंड."

"म्हंजे कोंडवाडा की," आबा म्हणाले आणि समाधानानं पंख्याखाली जाऊन बसले. त्या घरात लिनक्सवर विश्वास बसलेले ते पहिले.

माझं हरवलेलं पान काही कोंडवाड्यात सापडलं नाही. पुन्हा लिहिलं. पुढच्या रविवारी आई देवळात निघाली आणि पुन्हा खट्! या वेळी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आत्याबाई, तुमचाच वाढदिवस पुसताय तुम्ही सारखा!"

आई दारातच थबकली. "म्हंजी? ह्यो माझ्यापायी बसतोय व्हय दर आयतवारी तितं?"

"मग कुणापायी?" मी म्हणालो. आवाजात जरा जास्तच दुःख आणलं होतं.

आई आत आली. काळ्या पडद्यासमोर, जिथं ती कधी फिरकत नव्हती, तिथं खाली बसली. "घावंल का रं?" तिनं विचारलं. तिनं ते इतक्या हळू विचारलं, की माझी चेष्टा करायची हौस गेली. पहिल्यांदा मला भीती वाटली. नाही सापडलं तर? कॉम्प्युटरची लाज जायला शिल्लक नव्हतीच, पण आईला आता आशा लागली होती.

त्यानंतर मी दर दोन ओळींनी सेव्ह करायला लागलो. प्रोग्राम पुरा झाला, तो आधी भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघितला. पहिल्याच अमावास्येला एका दिवसाचा फरक! चंद्र काही एका चालीनं चालत नाही, कधी रमतगमत, कधी भराभर. पुस्तक पुन्हा उघडलं, चालीतल्या दुरुस्त्या भरल्या, पुन्हा ताडलं. मुलगी भिंतीवरची अमावास्या वाचायची, मी पडद्यावरची. शेवटी दोघांच्या अमावास्या जुळल्या, तेव्हा आम्ही दोघांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं.

मग आईला बोलावलं. सगळेच आले. आबा लुंगी सावरत, बायको ओले हात पदराला पुसत. मी आईच्या वयाच्या अंदाजानं सालं घातली आणि एंटरचं बटण आईला दाबायला लावलं. तिनं ते चूल फुंकताना धरतात तसा श्वास धरून दाबलं.

दोन ओळी आल्या. एकोणीसशे चौतीस आणि एकोणीसशे सदतीस. दोन्ही वर्षी भाद्रपदाची अमावास्या सोमवारी, दोन्ही ऑक्टोबरात. एक आठ तारखेला, एक चारला.

माझा चेहरा पडला. "दोन निघाल्या," मी म्हणालो. "यातली कुठली, ते कॉम्प्युटर नाही सांगू शकत."

"आत्याबाई, एकही नव्हती, आता दोन झाल्या," बायको म्हणाली. "एक घरात घाला, एक सणाला राहू द्या."

आई हसली नाही. तिनं विचारलं, "धाकटी कंच्यात व्हईन?"

"सदतीसमध्ये."

"मग इच्यारायचं काय?"

"वा!" आबा म्हणाले. "बसल्या जागी तीन वर्सं वाचवली की! चौतीस धर गं. केस बघ तुझं."

"तुमच्यासंगं ऱ्हाऊन पिकल्यात त्ये."

एवढ्यात मुलीनं मला सदतीसचा ऑक्टोबर काढायला लावला. तो पडद्यावर आला. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, ऑक्टोबर काढला आणि किंचाळली, "पप्पा, सेम आहे!" खरंच, त्या वर्षीचा ऑक्टोबर आणि सदतीसचा ऑक्टोबर अगदी तंतोतंत. एकला शुक्रवार, चारला सोमवार. आईनं पडद्यावरच्या चारवर बोट ठेवलं, मग उठून भिंतीवरच्या चारवर ठेवलं.

"ह्योच," ती म्हणाली. "सोमवारीच आलाय माघारी."

मी शास्त्राला धरून सांगायला गेलो, की असं जुळणं हा काही पुरावा होत नाही, चौतीसही तितकंच शक्य आहे.

"तू गप," आई म्हणाली. "तुला कान धरून दिलेला एक जून चालतो, आन मला दोन सोमवारातला एक निवडाय चालत न्हाय व्हय?"

 

चार ऑक्टोबरला मी रजा टाकली. इंदापूरचा मित्रही आला. या सगळ्याचं मूळ आपणच असल्यासारखा तो मिशीत हसत होता. बायकोनं पुरणपोळ्या केल्या, मुलीच्या हट्टानं केकही आला. मुलीनं आजीला ओवाळलं. आईनं नवं लुगडं नेसलं होतं, आणि कुणी विचारो न विचारो, सांगत होती, "चार आक्टुबर. सोमवार. माझा वाढदिवस."

ती तारीख गावभर व्हायला वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी शेजारच्या वस्तीवरची एक मावशी आली, आईच्याच वयाची. ती नागपंचमीची होती, मंगळवारची. तिच्यामागून आणखी दोघी. माझी नागपंचमीच्या तिथीची गणितं अजून बसायची होती, पण आईनं सगळ्यांना ओटीवर बसवून घेतलं होतं. दारात उभी राहून ती एकेकीला विचारत होती, "वार ठाव हाय? सण ठाव हाय? मग बस. न्हाईतर थोरल्या भणीला इच्यारून ये."

मी घाम पुसत व्हीआयमध्ये बसलो होतो. एवढ्यात आबा रानात निघाले. आईची शिस्त इतक्या वर्षांत त्यांच्याही अंगात भिनली होती. त्यांनी टोपी घातली, पायात वहाणा सरकवल्या आणि हात मेनच्या बटणाकडे नेला.

आई बटणाच्या आडवी उभी राहिली.

"हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. "आतमंदी मावशीचा मंगळवार निघतोय."