नानांचं कार्ड

आमच्या नानांचा एकही व्हिडिओ नाही. ऐकून हसू येईल, पण जळगावपासून पार धुळे-शिरपूरपर्यंत ज्या माणसाने गावोगावची लग्नं शूट केली, तो स्वतः एकाही लग्नात दिसत नाही. कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस दिसणार कसा? नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. ते शूटिंग करायचे, मी घरी एडिटिंग करायचो, आणि माझं पहिलं काम असायचं नानांचा आवाज कापणं. "अक्का, पदर सावरा", "ओ मामा, बाजूला व्हा ना जरा", असं त्यांचं सारखं चालायचं. मी ते काढायचो आणि तिथे सनई टाकायचो.

ते गेले तेव्हा दारावर बसायला आलेली माणसं एकच गोष्ट सांगत होती. कुणाची आई वारल्यावर नानांनी तिचं लग्नात नाचतानाचं शूटिंग शोधून दिलं होतं, कुणाचे वडील शोधून दिले होते. नाना कच्चं शूटिंग कधी पुसत नसत. मी किती वेळा डोकं फोडलं, "नाना, किती दिवस हा उकिरडा सांभाळायचा?" ते नुसते हसायचे आणि अजून एक डिस्क घेऊन यायचे. शेवटी मागच्या खोलीत त्यांनी तो मोठा सर्व्हरच उभा केला.

माणसं उठून गेली तशी वहिनी मला म्हणाल्या, "सगळ्यांची माणसं त्या डब्यात आहेत, भाऊजी. माझंच माणूस नाही का?"

चेहरा नव्हता, पण आवाज होता. जो मी कापत आलो, तो कच्च्या शूटिंगमध्ये जसाच्या तसा पडून होता. मी म्हणालो, "आहेत वहिनी. लग्नसराई आटोपू द्या, शोधून देतो." त्या दर आठवड्याला चहा देताना विचारायच्या, "आटोपली का?"

आटोपली एकदाची. मी मशीन चालू केलं, तर एकही डिस्क दिसेना.

आता हे कार्डाचं प्रकरण सांगायला हवं. एवढ्या डिस्क साध्या कॉम्प्युटरला जोडायला जागाच नसते, म्हणून मध्ये एक कार्ड लागतं. नानांनी मोठ्या हौसेने भारीतलं 'रेड' (RAID) जातीचं कार्ड आणलं होतं. ते कार्ड प्रत्येक शूटिंगचे तुकडे करून सगळ्या डिस्कवर वाटून ठेवतं. एखादी डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून काम भागतं. पण कुठला तुकडा कुठे, ते त्या जातीच्या कार्डालाच कळतं. कार्ड गेलं, तर डिस्क धडधाकट असूनही मुक्या.

मशीनचं एका बाजूचं झाकण उघडंच असायचं. आमच्याकडच्या मे महिन्यात ते बंद ठेवायची कुणाची छाती नाही. आत वाकून पाहिलं तर कार्डावर क्षारांची पांढरी खर चढलेली, कडेच्या पट्टीवर हिरवट डाग. मी मान वर केली. समोर खिडकीत कूलर लावलेला होता, त्याचं तोंड सरळ मशीनकडे. नानांच्या वेळी तो तिथे नव्हता.

"दवाखान्यात जाताना म्हणाले होते, मशीनची खोली गार ठेव," वहिनी दारातून म्हणाल्या. "मी बाहेरच्या खोलीतला कूलर इथे आणला. रोज सकाळी बोअरचं पाणी भरते. एक दिवस चुकवला नाही."

त्या उन्हाळ्यात त्या स्वतः पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात घामाने निथळत होत्या आणि कूलरची हवा मशीनला देत होत्या. आमच्याकडे ज्याच्यावर माया, त्याला कूलरसमोर बसवतात. पाहुण्याला, जावयाला, बाळंतिणीला. त्यांनी तेच केलं. नानांना खोलीतला एक्झॉस्ट पंखा म्हणायचा होता, हे त्यांना कोण सांगणार? त्या ओल्या, खारट हवेने कार्ड खाल्लं होतं.

"कार्ड जुनं झालं होतं, वहिनी," मी म्हणालो. "केव्हातरी जाणारच होतं."

मग दुरुस्तीचं निमित्त करून मशीन कूलरपासून लांब, माझ्या खोलीत नेलं. जळगावातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदाराला बोलावलं. गडी मोठ्या ऐटीत आला, दुसऱ्याच जातीचं कार्ड बसवलं आणि स्क्रीनवर प्रश्न आला, डिस्क नव्याने तयार करू का? तो हो म्हणायला निघाला. मी त्याचा हात धरला. "ए बाबा, थांब! पुसून टाकशील सगळं!" तो म्हणाला, "काका, रिकाम्याच दिसतायत." मी त्याला त्याच्या पिशवीसकट बाहेर काढलं.

धुळ्याला जुन्या ऑफिसांची मशीनं विकत घेणारा एक ओळखीचा होता. एसटीने गेलो. नानांच्या कार्डाचा सख्खा भाऊ त्याच्याकडे निघाला, आणि शेजारीच एक साधं कार्डही होतं. साधं म्हणजे ज्याला स्वतःची अक्कल नाही. डिस्क जोडून देतं, बाकीचं कॉम्प्युटरवर सोडतं. मी दोन्ही घेऊन आलो.

वहिनींना बेत सांगितला. जुन्या जातीच्या कार्डावर एकदा सगळं वाचायचं, नव्या डिस्कवर उतरवायचं आणि पुढे साधं कार्ड वापरायचं. त्यांचा चेहरा उतरला. "त्यांनी हौसेने आणलं होतं ना? तसंच मिळालंय, मग तेच राहू द्या की."

"वहिनी, ते कार्ड सगळी माहिती स्वतःजवळ ठेवतं. ते गेलं की सगळं अडलं. हे साधं उद्या बिघडलं, तर दुसरं कुठलंही चालेल."

त्या म्हणाल्या, "एकाच्याच भरवशावर राहिलं की काय होतं, ते मला विचारा. लावा साधं."

टेबलावर नानांचं मेलेलं कार्ड पडलं होतं. त्यांनी ते उचललं, पदराने पुसलं. "हे पांढरं काय हो?"

"धूळ असेल," मी म्हणालो. त्यांनी ते अलगद खाली ठेवलं.

कार्ड बसवलं, आणि डिस्क एकामागून एक जाग्या झाल्या. उतरवायला बरेच दिवस गेले. साधं कार्डही तापून हात लावू देईना, तेव्हा त्याच्यावर एक छोटा पंखा बांधला. सगळं जागेवर आल्यावर मी वहिनींना बोलावलं. मनात म्हटलं, आधी असोद्याचं लग्न लावू, त्यांच्या माहेरचं आहे. त्यातलं काय काय कापलं होतं ते मला आता आठवत नव्हतं, आणि मुद्दाम आधी ऐकलंही नाही. पहिल्यांदा त्यांनीच ऐकावं असं वाटलं.

मांडव दिसला. बायका, हळद, गोंगाट. आणि मग अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या कानाशी, नाना ओरडले, "अरे त्या कूलरले तिकडे फिरवा रे! मशीन मरी जाई मनं!"

कॅमेऱ्यालाही ते मशीनच म्हणायचे, 'माझं मशीन मरेल' म्हणून ओरडत होते. मी झटकन बंद केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. वहिनी स्क्रीनकडेच पाहत होत्या.

"ती धूळ नव्हती," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही मायेने केलं. तुम्हाला काय माहीत..."

"बोअरच्या पाण्याची खर ओळखता येत नाही का मला? कूलरच्या जाळ्या मीच घासते ना." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "संसारात कधी आवाज चढवून बोलले नाहीत माझ्याशी. चढवूनच काय, धड बोललेच नाहीत. सगळं ओरडणं लग्नांत संपवून घरी यायचे."

मी दुसरं एखादं लग्न शोधायला लागलो.

"ते नको," वहिनी म्हणाल्या. "हेच लावा पुन्हा. पहिल्यांदाच रागावलेत माझ्यावर."