बाबांच्या हस्ते अनावरण

आमची पेठ ज्या सरदाराच्या नावानं वसली, त्याची साधी पाटीही पेठेत नव्हती. लढवय्या, वर मुत्सद्दी. पण चौकात त्याच्यापेक्षा मिसळवाल्याचा बोर्ड मोठा. शेजारच्या काकांना हे सहन होईना. काका म्हणजे बाबांचे कचेरीतले सोबती. समोरासमोरच्या टेबलांवर दोघांनी अख्खी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर मंडईतही एकत्रच जायचे. आम्ही बौद्ध, ते पेठेतले जुने ब्राह्मण. फाटकातूनच बाबांना 'जय भीम' करणारे आमच्या गल्लीत ते एकटेच. मला त्याचं फार अप्रूप होतं. आता त्या अप्रूपाचाच राग येतो.

काकांनी स्मारक समिती काढली आणि बाबांना सदस्य करून घेतलं. बाबांनी एकच गोष्ट मागितली. त्या सरदाराच्या फौजेत आमच्या घराण्यातली माणसं लढली आणि मेली, असं आजोबा सांगायचे. तेव्हा स्मारकाच्या दगडावरच्या मजकुराच्या शेवटी एक ओळ हवी: 'त्यांच्यासोबत लढलेल्या महार शिपायांसही अभिवादन.' समितीनं माना डोलावल्या. काका तर म्हणाले, "अहो, मागायचं काय त्यात? ती ओळ हवीच."

दगडाच्या खर्चापाशी घोडं अडलं, तेव्हा मी पुढे झाले. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते मी. त्या दिवसांत कंपन्यांना पुण्याच्या इतिहासाचा अचानक उमाळा यायला लागला होता. आमचा साहेब माझ्याच वयाचा. म्हणाला, "डन! फक्त लोगो व्हिजिबल पाहिजे हं." घरी सांगितल्यावर बाबा सगळ्या गल्लीला सांगून आले.

अनावरणाच्या आदल्या संध्याकाळी काका घरी आले. "पडदा तुम्हीच ओढायचा. समितीचं एकमत आहे." बाबांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली आणि कॉलर नीट बसते का, हे आईला दोनदा विचारलं. इतका नटलेला हा माणूस मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. बाबांनी दोरी ओढली, टाळ्या झाल्या. काळ्या दगडावर मला आधी दिसला तो आमच्या कंपनीचा लोगो, आणि क्षणभर मी चक्क खूश झाले. मग वरचा मजकूर वाचला. ओळ नव्हती. ती जिथे यायची, तिथे लोगो होता. बाबांनी खिशातून चष्मा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. लोक हात मिळवायला रांगेत उभे होते.

मी काकांना तिथेच गाठलं.

"अगं, जागाच उरली नाही," ते म्हणाले. आणि बाबांकडे वळून, "अहो, वर 'अठरापगड जातींचे सैनिक' असं आलंय ना? त्यात तुम्ही आलातच की."

"हो," बाबा म्हणाले, "आम्ही नेहमी त्यातच येतो."

"तुम्हाला हे कधी कळलं, काका?"

"दगड कोरायला दिला तेव्हाच."

"मग काल घरी आलात तेव्हा का नाही बोललात?"

"सांगितलं असतं, तर हे आले असते का?" हे त्यांनी अगदी मायेनं विचारलं. शिवी आठवली, ती गिळली. का गिळली, देव जाणे.

बाबांनी मंडईची वेळ बदलली. भांडण नाही, अबोला नाही. समोर आले की नमस्कार. काकांना वाटलं, मिटलं. एवढ्या वर्षांत ते बाबांना ओळखत नव्हते, की आम्हीच त्यांना ओळखत नव्हतो, कोण जाणे. साहेबानं मात्र ऑफिसात माझं कौतुक केलं.

अनावरणाचा एक फोटो आहे. दोरी बाबांच्या हातात, पडदा अर्धा सरकलेला, आणि बाबा तोंडभर हसतायत, कारण अजून त्यांनी काही वाचलेलं नाही. समितीनं तो मोठा करून कार्यालयाच्या भिंतीवर लावलाय. पुढे आमच्यातला कोणी त्या ओळीबद्दल विचारायला गेलाच, तर त्याला तिथे नेऊन उभं करतात.

"अहो, त्यांच्याच हस्ते तर झालं. बघा ना, किती खुशीत आहेत."