आधी इचारा, मग टोचा

"आधी इचारा, मग टोचा!"

हातात सुई धरलेलं कुणीही दिसलं, की हा गृहस्थ डावा तळवा पोटावर ठेवून एवढंच म्हणायचा. कोरोना वॉर्डात आम्ही सगळे डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये. डॉक्टर कोण, सिस्टर कोण, काही कळायची सोय नाही. एकदा त्याने जेवण घेऊन आलेल्या मावशींनाही हेच सुनावलं. मावशी म्हणाल्या, "विचारते की बाबा. भात देऊ का खिचडी?"

त्याला हिमोफिलिया होता. म्हणजे रक्त वाहायला लागलं, की लवकर गोठत नाही. ते गोठवणारं 'फॅक्टर' नावाचं औषध बाहेरून द्यावं लागतं. शनिशिंगणापूरला तेलाचं दुकान होतं त्याचं. पहिल्याच दिवशी मला समजावलं, "आमच्या गावात घराला दार नसतंय सिस्टर. माझ्या रक्तालाबी न्हाई." स्वतःच हसला, आणि हसता हसता खोकल्याने बेजार झाला.

फॅक्टर आमच्या दवाखान्यातही होता हो, पण कुलपात. किल्ली ज्यांच्याकडे, ते स्वतःच घरी क्वारंटाइन! म्हणून याने घरूनच बर्फाच्या थर्मासमधून बाटल्या आणलेल्या. थर्मास कायम उशाशी. बर्फ बदलायचं काम त्याने माझ्या गळ्यात मारलं.

"अहो, फॅक्टर द्यायलाही सुईच लागते," मी एकदा चिडून म्हटलं.

"ती म्या सवता टोचतो. तुमच्यापरीस माझा हात हलका हाय."

होताच हलका. मला तर जरा रागच आला.

आमच्याकडे रोज सकाळी छापील यादी यायची. यादीतल्या प्रत्येकाच्या पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन, कारण कोरोनात गुठळ्या होतात. औषध चांगलंच, पण ज्याचं रक्त मुळातच गोठत नाही, त्याला फॅक्टरशिवाय ते दिलं तर? यादीला कोण सांगणार! तिसऱ्या दिवशी सुई घेऊन मीच त्याच्या खाटेशी उभी राहिले. त्याने माझं मनगट धरलं. "सिस्टर, आधी इचारा." मी सुई ट्रेमध्ये परत ठेवली.

नाव खोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा छापून आलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "केसपेपरवर लाल शाईने लिहा." लिहिलं. केसपेपर निर्जंतुक करायला गेला, तो काही परत आला नाही. मग खाटेला पुठ्ठा टांगला. पाहणीला साहेब येणार, वॉर्ड गबाळा दिसतो, म्हणून तोही काढला. धन्य आमची शिस्त!

मग त्याचा ऑक्सिजन उतरला. आयसीयूत न्यायचं ठरलं. तिथले लोक नवे, आणि याच्या तोंडावर घट्ट मास्क. बोलणार कसा? स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तो माझ्याकडे बघत होता, हात पोटावर.

मी टेबलावरचा मार्कर उचलला, त्याचा शर्ट वर केला आणि पोटावर ठळक लिहिलं : 'हिमोफिलिया. आधी विचारा, मग टोचा.' खाली माझा फोन नंबर. कागद हरवतात. पोट पेशंटबरोबरच जातं. मास्कच्या आत तो हसला. मला मात्र रडू आलं, आणि त्या प्लास्टिकमध्ये डोळेही पुसता येईनात.

लिहिलेलं कामाला आलं. तिथले डॉक्टर शर्ट वर करायचे, थबकायचे, मला फोन लावायचे. प्रत्येक वेळी आधी फॅक्टर, मग सुई. कुठेही रक्तस्राव झाला नाही. फुप्फुसं मात्र दमली आणि दहाव्या दिवशी तो गेला. साहेबांनी शेरा मारला, 'रक्तस्राव नाही. उपचार समाधानकारक.'

फाटकाशी त्याची बायको उभी होती. तिला आत सोडलं नव्हतं. मी थर्मास घेऊन गेले. तिने एवढंच विचारलं, "न इचारता कुनी टोचलं तर न्हाई ना त्यांला?"

"नाही वहिनी. प्रत्येकाने विचारलं."

"मंग बरं."

तिने थर्मास उघडला. तळाला दोन बाटल्या उरल्या होत्या. झाकण घट्ट लावून तिने तो परत माझ्या हातात दिला.

"दुसऱ्या कुनाला लागंल," ती म्हणाली. "बर्फ तेवढा बदलत ऱ्हावा."